गणवेश टोचतो तेव्हा



जूनमध्ये शाळा उघडतात,
आणि नव्या गणवेशाची घडी मोडताच ‘हे टोचतं’ म्हणून रुसणाऱ्या बालकास हट्टी ठरविण्यापूर्वी,
त्या कापडावरून आपण स्वतः हात फिरवून पाहावा.

कृत्रिम धाग्याचे कापड टिकते खरे,
परंतु घाम फारसा शोषीत नाही.
म्हणून सुताचे प्रमाण अधिक असलेले घ्यावे;
सुती कापड आटते, यास्तव शिवण्यापूर्वी भिजवावे.
तयार सदरा असल्यास मानेशी शिवलेली चिठ्ठी उसवावी.

खर्चाचे म्हणाल,
तर थोरल्या भावंडाचा, धुऊन मऊ झालेला सदरा अशा मुलास बहुधा नव्याहून प्रिय असतो;
त्यात कमीपणा कसला?

पुन्हा सांगतो: आधी स्पर्श, मग किंमत.

शाळेने दुकान मुकरर केले असल्यास,
त्याच रंगाचे सुती कापड चालेल काय,
हे मुख्याध्यापकांस अर्ज करून विचारावे.