दिसणारी धूळ आणि न दिसणारी

मुरादाबादच्या पितळी भांड्यांची झळाळी साऱ्या भारताला परिचित आहे. ती झळाळी ज्या फिरत्या चाकावर चढते, ते चाक पुष्कळदा कारागिराच्या राहत्या घरातच असते. म्हणूनच तेथली धूळ एकट्या कारागिराची राहत नाही. शेजारी निजलेले मूलही तीच हवा घेत असते.

माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. धातूचे मोठे कण नाकात, घशात अडकतात व कफाबरोबर बाहेर पडतात. परंतु ४ मायक्रॉनांहून लहान कण थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि काम थांबल्यावरही तासन् तास हवेत तरंगत राहतात. हवा स्वच्छ दिसते. धोका मात्र तसाच असतो.

यावर पहिला उपाय, धूळ उगमापाशीच धरणे. जेथे चालेल तेथे पाणी लावून घासावे; चाकाच्या तोंडाशी धूळ ओढून पिशवीत साठविणारा पंखा बसवावा. कोरडा केर काढू नये, ओल्या फडक्याने पुसावे. तोंडाला बांधलेला पंचा हे कण अडवीत नाही. एन-९५ प्रतीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्कच हवा. कामाचे कपडे निराळे ठेवावेत.

हा विचार नवा नाही. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्याला त्याचा धंदाही विचारावा, असे वैद्यांना सांगितले. खोकला हटत नसेल, तर कारागिराने त्या प्रश्नाची वाट पाहू नये. आपला धंदा आपणच सांगावा.