मागून येणाऱ्याला दिसू द्या



दिवाळी सरली, की साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, कुठंही जा. रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्याच दिवसांत थंडी पडते. नदीकाठी पहाटे धुकं दाटतं. आज मी या उसाच्या ट्रॉलीबद्दलच बोलणार आहे.

ट्रॉलीला मागं तांबडा दिवा असतो. पण तो कधी फुटलेला असतो, कधी त्याची वायर तुटलेली असते. चांगला असला, तरी उसाची लोंबती टोकं त्याला झाकून टाकतात. मग मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला काय दिसणार?

थोडा हिशेब करू. हिशेब सांगितल्याशिवाय मास्तरला चैन पडत नाही. मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. ती एका सेकंदात जवळजवळ ५५ फूट जाते. पुढं काहीतरी आहे हे कळेपर्यंत आणि हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी सरतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ५५ फूट संपले! दाट धुक्यात तेवढं अंतर दिसतसुद्धा नाही. म्हणून धुक्यात वेग अगदी कमी ठेवावा. दिव्याचा झोत खाली पाडावा. वरचा झोत धुक्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

पण निम्मं काम ट्रॉलीच्या मालकाचं आहे. पूर्वी रात्री बैलगाडीखाली कंदील टांगत. ते काम आता चमकणारी पट्टी करते. तिला वायर नको, बॅटरी नको. मागच्या गाडीचा उजेड पडला, की ती उजळते. मागं तांबडी पट्टी लावावी. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना लावावी. फडातला चिखल बसला, की ती आंधळी होते. म्हणून फडातून निघताना तिच्यावर फडकं मारावं. काही ट्रॅक्टरांवर गाण्याचे मोठाले कर्णे असतात, हजारो रुपयांचे. आणि मागं पट्टी नसते! याला मी हौस म्हणत नाही.

ट्रॉली बंद पडली, तर ती रस्त्याच्या कडेला, खाली घ्यावी. चाकाला लावलेले दगड निघताना उचलून टाकावेत. ट्रॉली निघून जाते, दगड अंधारात तसाच राहतो.

आता कागदांचं बोलू. तुम्ही वाचायला शिकलात. विम्याचा कागद काढा. मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे ते वाचा. ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीची नोंद आहे का पाहा. विमा नसेल, तर अपघाताची भरपाई मालकाला घरातून भरावी लागते. त्यात जमीनसुद्धा जाऊ शकते.

"आमचं पोरगं झकास चालवतं," असं बाप कौतुकानं सांगतो. चालवतही असेल. पण ते १८ वर्षांचं झालं का? २०१९ साली कायदा कडक झाला. अशा वेळी पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

आज अंधार पडल्यावर आपल्या ट्रॉलीच्या मागं चाळीस पावलं जा. बॅटरीचा झोत टाका. काही चमकलं नाही, तर उद्याच बाजारातून पट्टी आणा.