जीर्णशेठची श्रद्धा
(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)

 

'संकटकाळातील श्रद्धा' या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली. मी विद्वान नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि जवळजवळ चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेला व्यापारी आहे. म्हणून एका व्यापाऱ्याचीच कथा सांगतो. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी ती 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा'त वर्णिली आहे.

भगवान महावीरांचा साधनाकाळातील अकरावा चातुर्मास वैशालीस झाला. चार महिन्यांचा उपवास स्वीकारून भगवंत उद्यानात ध्यानस्थ होते. त्या नगरीत जिनदत्त नावाचे शेठ राहत. एके काळचे त्यांचे वैभव ओसरले आणि लोक त्यांना 'जीर्णशेठ' म्हणू लागले. आम्ही कापडवाले विरलेल्या वस्त्राला जीर्ण म्हणतो. वैशालीने ते विशेषण माणसाला लावले. हे जीर्णशेठ नित्य उद्यानात जाऊन भगवंतांना वंदन करीत आणि पारण्यासाठी आपल्या घरी पधारण्याची विनंती करीत. असे चार महिने चालले.

पारण्याचा दिवस उजाडला. जीर्णशेठ भावविभोर होऊन वाट पाहत राहिले. भगवंत मात्र दुसऱ्याच घरी गेले. ते घर होते नवश्रीमंत अभिनवशेठचे. धनाच्या मदात तो जागचा उठलाही नाही. 'याला काही तरी देऊन वाटेला लाव,' असे त्याने दासीला सांगितले. दासीने लाकडी पळीने उकडलेले साधे धान्य वाढले. त्याच क्षणी देवदुंदुभी वाजली, सुवर्णवृष्टी झाली. लोक जमले, तेव्हा अभिनवशेठने 'मी स्वहस्ते खीर वाढली' असे सांगून टाकले. नगरीत त्याचा जयजयकार झाला. जीर्णशेठच्या कानी केवळ दुंदुभीचा नाद आला. आपले अंगण कोरडेच राहिले, हे त्यांनी जाणले.

पुढे एक केवलज्ञानी मुनी तेथे पधारले. या नगरीत सर्वांत पुण्यवान कोण, असे राजाने विचारले. मुनींनी जीर्णशेठचे नाव घेतले! दान दुसऱ्याच्या घरी झाले असले, तरी खरे भावदान जीर्णशेठचेच होते. तो नाद त्या वेळी कानी पडला नसता, तर त्यांची चढती भावधारा केवलज्ञानापर्यंत पोहोचली असती.

ही कथा मी बालपणापासून ऐकत होतो. तिचा अर्थ मात्र फार उशिरा उमगला. २०२० साली लग्नसराईसाठी शालू, पैठण्या, सुटिंग-शर्टिंगचा माल मी उधारीवर भरला होता. २५ मार्च रोजी, ऐन गुढीपाडव्याला, टाळेबंदी सुरू झाली. अक्षय्य तृतीयाही बंद दारांआड गेली. माल कपाटात आणि देणे डोक्यावर राहिले. अर्धा गाळा विकून मी देणी फेडली.

त्याहून अधिक बोचले ते निराळेच. पुढे पर्युषणातील बोल्या पूर्ववत सुरू झाल्या. पूर्वी बोली पुकारणाऱ्याची नजर प्रथम माझ्याकडे वळत असे. आता ती मला ओलांडून मागे जाऊ लागली. एका समारंभाची पत्रिका तर आमच्या घरी आलीच नाही. मी रुसलो आणि सुमारे चार महिने दर्शनास गेलो नाही. एके दिवशी सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "लोकांनी या वेळी पत्रिका पाठवली नाही, हे खरे. पण भगवंतांनी ती कधी पाठवली होती?"

मी निरुत्तर झालो. इतकी वर्षे पूजा करताना मनाच्या वहीत मी भगवंतांच्या नावे 'येणे बाकी' लिहीत आलो होतो, हे त्या दिवशी ध्यानी आले. आपले भगवंत वीतराग आहेत. ते कोणावर प्रसन्न होऊन धन देत नाहीत आणि रुष्ट होऊन हिरावूनही घेत नाहीत. संकट हे आपल्याच कर्माचा उदय आहे. मग भक्ती कशासाठी? उदयाच्या काळात मन समभावात राहावे यासाठी. मला विसरले असतील तर ते लोक. त्याचा राग मी मात्र भगवंतांवर काढीत होतो.

दुसऱ्याच दिवशी मी देरासरात गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. तेथूनही मूर्ती तितकीच स्पष्ट दिसते! दुकान पूर्वीइतके सावरलेले नाही. मी आजही अर्ध्या गाळ्यातच बसतो. पण रोजचे ४८ मिनिटांचे सामायिक चुकत नाही.

बंधू-भगिनींनो, पन्नास वर्षांत या वास्तूसाठी ज्यांनी दान दिले, त्यांची नावे संगमरवरावर कोरली गेली. त्यांची मी मनःपूर्वक अनुमोदना करतो. मात्र विश्वस्त मंडळास एक नम्र विनंती आहे. या वर्षी पत्रिकांची जुनी यादी काढावी आणि तिच्यातून गळालेली नावे शोधावीत. पावतीपुस्तक घरी ठेवून त्यांच्या दारी जावे. बोलावणे न आल्याने घरी बसलेला एखादा जीर्णशेठ आपल्याच गल्लीत असेल. तीच खरी साधर्मिक भक्ती ठरेल.

आणि त्या जीर्णशेठलाही माझे सांगणे आहे: बोलावण्याची वाट पाहू नका. देरासराचे दार उघडे आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!