मुद्दल मातीत असते
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



पंचवीस वर्षे संस्थेच्या तिजोरीची किल्ली सांभाळणारा मी, आज वारुणीसाठी लावलेल्या द्राक्षमळ्याची गोष्ट सांगणार म्हटल्यावर काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडणे साहजिक आहे. मद्याची भलामण करण्यास मी उभा नाही. मला बोलावयाचे आहे ते मातीविषयी.

फ्रान्स देशात ल्वार नदीकाठी, आंजे शहराजवळ, सॅव्हनिएर नावाचे गाव आहे. तेथील ‘कुले द सेरां’ हा मळा सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी ११३० साली लावला. क्षेत्र अवघे सात हेक्टर, म्हणजे सुमारे सतरा एकर. १९७७ साली निकोला जोली हा तरुण बँकेतील उत्तम नोकरी सोडून हा घरचा मळा पाहावयास आला. जाणकारांनी सल्ला दिला, ‘तणनाशक मारा, मशागतीचा खर्च वाचेल.’ त्याने ऐकले. दोनेक वर्षांतच त्याच्या ध्यानी आले की, मातीचा रंग पालटला आहे आणि किडेमुंग्या दिसेनाशा झाल्या आहेत. तण गेले होते, पण त्याबरोबर मातीतला जीवही चालला होता.

मग त्याने मार्ग बदलला. रुडॉल्फ श्टाइनर यांनी १९२४ साली व्याख्यानांतून सांगितलेली पद्धत त्याने प्रथम थोड्या जागेत अनुसरली आणि १९८४ पासून सबंध मळ्यास लावली. तणनाशक बंद झाले, उतारावर घोड्याचा नांगर आला, शेणखत व वनस्पतींचे काढे आले. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरण्याचा विधीही त्यात आहे. ग्रहताऱ्यांशी जोडलेला त्यातील भाग शास्त्राने मान्य केलेला नाही, आणि माझाही त्यावर विश्वास नाही. शिवाय विषापासून पुरती सुटका तेथेही नाही. केवड्या रोगावर मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण अशा मळ्यांतूनही चालते, आणि त्यातील तांबे जमिनीत साठत जाते. तरीपण मातीला आधी जेवू घालावे, मग तिच्याकडे मागावे, एवढे तर आपणा सर्वांस समजते. तो मळा आजही नांदता आहे आणि त्या तरुणाची कन्या तेथे राबते आहे.

ही विद्या परक्यांची म्हणून बाजूस सारू नका. आपल्याच इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर रचून तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसविली. तीविषयीच्या १९३१ च्या ग्रंथावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. आपण मात्र येथेच राहून ती विसरलो.

आता घरची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी माझा पुतण्या नोकरी सोडून देवासकडील आमच्या शेतावर आला. सोयाबीनला तणनाशक मारणार नाही म्हणाला. निंदणीस मजूर मिळेनात, पीक घटले. मी चार माणसांत त्याला मूर्ख म्हटले. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, संस्थेच्या कायम निधीतला एक रुपया तुम्ही कुणास काढू देत नाही. व्याजावरच शिष्यवृत्त्या देता. मग जमिनीचे मुद्दल दरसाल का खाता?’

मला उत्तर सुचले नाही. ताळेबंदात जमिनीची किंमत मी नेहमी लिहीत आलो; तिच्यातील गांडुळे कधी मोजली नाहीत.

मंडळी, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पदरमोड करून हा निधी उभारला, त्यांतील बहुतेकांनी त्याचे फळ पाहिले नाही. वारसा म्हणजे खावयास मिळालेली ठेव नव्हे, पुढे पोचविण्यासाठी हाती आलेली ठेव होय. युरोपात जुना द्राक्षमळा सेंद्रिय ठरण्यास तीन वर्षे लागतात. म्हणून माझ्या वाटणीची चार एकर जमीन मी तीन वर्षांसाठी पुतण्याच्या स्वाधीन केली आहे. तोपावेतो या कोषाध्यक्षाने त्याच्याकडे हिशेब मागावयाचा नाही, असे ठरले आहे. मूर्ख हा शब्द मी चारचौघांत उच्चारला होता, म्हणून तो चारचौघांतच परत घेतो.

आपल्याही घरी असा एखादा मुलगा वा मुलगी मातीकडे परतू पाहत असेल, तर पहिल्या पडत्या पिकावरून त्यांचे मोल ठरवू नका, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.