मैदानानंतरचा विजयन



कोल्हापूरकरांना फुटबॉलचे वेड काय असते हे सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या तालमींचे संघ उतरले की सारे गाव तिथे लोटते. म्हणून आज सामना संपल्यावर खेळाडूच्या वाट्याला जे आयुष्य उरते, त्याविषयी बोलतो. त्यासाठी केरळातल्या त्रिशूरला जाऊ या.

भारताचे फुटबॉलपटू आय. एम. विजयन यांचा जन्म तिथला, १९६९ सालचा. घरी कमालीचे दारिद्र्य. त्रिशूरच्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये सामने रंगत, तेव्हा हा मुलगा प्रेक्षकांत सोड्याच्या बाटल्या विकत असे. त्याचा खेळ जाणत्यांनी हेरला आणि मिसरूड फुटण्याच्या वयात केरळ पोलिसांच्या संघाने त्याला सामावून घेतले. या संघाने १९९० मध्ये गोव्याच्या साळगावकरला आणि १९९१ मध्ये मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र संघाला हरवून लागोपाठ दोनदा फेडरेशन चषक जिंकला. पुढे मोहन बागान, जेसीटी, एफसी कोचीन, ईस्ट बंगाल, गोव्याचा चर्चिल ब्रदर्स अशी मुशाफिरी झाली. १९९९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भूतानविरुद्ध त्यांनी बाराव्या सेकंदाला गोल केला. प्रतिस्पर्ध्याने श्वास घेण्याआधीच!

आणि अशा माणसाला जयराज या दिग्दर्शकाने ‘शांतम’ या चित्रपटात नायक केले. राजकीय वैरातून मित्राचा खून केलेला, पश्चात्तापाने पोळणारा तरुण त्यांनी साकारायचा होता. सोबत सीमा बिस्वास, केपीएसी ललिता, कथकलीचे श्रेष्ठ कलावंत कलामंडलम गोपी. एकाहून एक कसलेली माणसे! त्यांच्यापुढे एक फुटबॉलपटू उभा राहिला, आणि त्या चित्रपटाला २००० सालचे सुवर्णकमळ मिळाले. लक्षात घ्या, तेव्हा विजयन निवृत्त झालेले नव्हते. २००३ मध्ये हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत चार गोल करून त्यांनी देशासाठीचा खेळ थांबवला. नंतर ‘तिमिरु’सारखे तमिळ चित्रपट आले. महिला फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाची कथा सांगणाऱ्या ‘बिगिल’मध्येही ते दिसले.

मला वाटते, उत्तम आघाडीवीर नट होऊ शकतो याला कारण आहे. नव्वद मिनिटांत चेंडू त्याच्या पायाशी फार थोडा वेळ असतो. उरलेला सगळा वेळ तो समोरच्याची नजर, खांद्याचा कल, पावलाचा वेग वाचत असतो. दुसऱ्याकडे इतके बारकाईने पाहणे हाच अभिनयाचाही पाया आहे आणि शिकवण्याचाही. विजयन मुलांना शिकवू लागले, त्रिशूरला अकादमी उभी राहिली, पुढे केरळ पोलिसांच्या फुटबॉल अकादमीची धुराही त्यांच्याकडे आली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण श्रोतेहो, हे केवळ गुणांच्या बळावर घडले असे समजू नका. पोलीस खात्याने त्या पोराला महिन्याचा पगार दिला, आणि खेळणे थांबल्यावर पुन्हा आपल्यात घेतले. पोटाची चिंता मिटली म्हणून मुलांना द्यायला वेळ उरला.

आपल्या तालमींनी यावरून काही घ्यावे. गुडघा निकामी झालेला, तिशीतच मैदानाबाहेर पडलेला खेळाडू आपल्या प्रत्येक पेठेत आहे. त्याच्या डोळ्यांत साठलेले ज्ञान अजून शाबूत आहे. त्याला प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करायला पैसे द्या, शाळेच्या मैदानावर मानधन देऊन नेमा. स्पर्धेच्या बक्षिसांसाठी आपण वर्गणी काढतोच. त्या वर्गणीतला एक वाटा यंदापासून या कामासाठी बाजूला काढा, एवढीच माझी मागणी आहे.