आडात असेल तेच पोहऱ्यात



आज पोटातल्या बाळाविषयी बोलायचे आहे. विषय बायकांचा आहे म्हणून पुरुषांनी उठून जाऊ नये. तो साऱ्या घराचा आहे. सासूबाईंनी तर पुढेच येऊन बसावे.

आपण म्हणतो, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोटातल्या बाळाचे तसेच आहे. आई हा आड. बाळ हा पोहरा. आईच्या रक्तात जे असेल, तेच वारेतून आणि नाळेतून बाळाला मिळते. नऊ महिने त्याला दुसरी शिदोरी नाही.

आपल्या सुप्यावरून पुण्याला जाणाऱ्या गाड्या आपण रोज पाहतो. त्या पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी ती केली. त्या बाया आपल्यासारख्याच. भाकरी खाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या. गरोदर होण्याआधी त्यांचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधली बाळे होती ३.५ किलोची.

आता नवल ऐका. आपली बाळे हातापायाने रोड होती. त्यांच्या अंगात मांस कमी होते. पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, पण आत चरबी. असे मूल पुढे मोठे झाले, बसून खाऊ लागले, की त्याला मधुमेहाचा धोका जास्त. मधुमेहाचे बी कधी कधी आईच्या पोटातच पडते, ते असे.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. ज्या बाया पालेभाजी, फळे आणि दूध वरचेवर घेत, त्यांची बाळे अंगाने बरी होती. ज्या गरोदरपणातही शेतात फार राबत आणि पाणी वाहत, त्यांची बाळे लहान होती.

मग सांगा, आपल्या घरी काय चालते? गोठ्यात गाय आहे. दूध डेअरीला जाते. सूनबाईच्या वाट्याला चहापुरते दूध राहते. ती सगळ्यांच्या मागून जेवते. उरलेसुरले खाते. वर कोणी सांगते, कमी खा, म्हणजे बाळ लहान राहील आणि सुटका लवकर होईल. ही समजूत चुकीची आहे. भुकेल्या आईचे बाळ अशक्त होते. आईचीही ताकद जाते.

दुधाचे आणखी एक कारण आहे. दूध, दही, अंडी, मटण यांत ब-१२ नावाचे जीवनसत्त्व असते. भाजी-भाकरीत ते नसते. त्या सहा गावांतल्या बहुतेक बायांत ते कमी निघाले. ते कमी असेल तर बाळाच्या वाढीत उणेपणा येतो. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि फोलिकच्या गोळ्या मात्र बंद करू नका. त्या घ्याच. जोडीला दूध-दही घ्या. जे खातात त्यांनी अंडे खावे.

आता हार्मोन म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरात ग्रंथी असतात. त्या रक्तात रस सोडतात. दवंडीवाला गावभर निरोप देतो, तसा हा रस अंगभर निरोप देतो. इन्शुलिन हा असाच एक रस. तो सांगतो, रक्तातली साखर उचला आणि कामाला लावा. गरोदरपणात वारेतूनही काही रस सुटतात. त्यांच्यामुळे इन्शुलिनची दवंडी नीट ऐकू जात नाही. काही बायांच्या रक्तात मग साखर वाढते. ही जादा साखर बाळाकडे जाते. आईचे इन्शुलिन जात नाही. म्हणून बाळ स्वतःच जादा इन्शुलिन तयार करते. ते फुगते, चरबी साठवते. बाळंतपण अडू शकते. नाळ कापली की साखर थांबते, पण बाळाचे इन्शुलिन चालूच राहते. बाळाची साखर एकदम उतरते. अशा बाळाला जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. गुटगुटीत दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

ही साखर बाहेरून दिसत नाही. तपासणी सोपी आहे. नाव नोंदवताना एकदा आणि सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा करायची. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे. दोन तासांनी रक्त तपासायचे. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टर सांगतील तसा आहार आणि औषध घ्यायचे. यात लाज कसली? हा कोणाचा दोष नाही. बाळंतपणानंतर दीड महिन्याने पुन्हा तपासून घ्यावे.

दुसरी ग्रंथी गळ्यात असते. तिला थायरॉईड म्हणतात. पहिले तीन महिने बाळाला हा रस आईकडूनच मिळतो. त्यावर बाळाचा मेंदू घडतो. या रसाला आयोडीन लागते. म्हणून घरात आयोडीनचे मीठ आणा. डब्याला झाकण ठेवा. साध्या खडेमिठात ते असेलच असे नाही.

आता कोणी काय करायचे?

नवऱ्याने पाण्याचे हंडे आणि जड ओझी स्वतः उचलावी. दुपारी तिला दोन तास पडू द्यावे.

सासूबाईंनी सुनेला आपल्याबरोबर जेवायला बसवावे. ताटात भाकरीबरोबर मटकी किंवा हुलगे, तांदुळजा किंवा शेवग्याचा पाला आणि वाटीभर दही वाढावे.

घरधन्याने डेअरीला दूध घालण्याआधी तिच्या वाट्याचे तांब्यात काढून ठेवावे.

आणि तिने दिवस राहिल्याचे कळताच आशाताईंकडे नाव नोंदवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते. २०१६ सालापासून ही सोय आहे. त्या दिवशी शेतातले काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे आणि तिला दवाखान्यात न्यावे.