चार तासांची फेरी



गोल्फ फार रेंगाळणारा खेळ आहे, असं न खेळणारे म्हणतात. खेळणाऱ्यांची तक्रार निराळी असते. त्यांच्या मते पुढचा गट नेहमी रेंगाळतो आणि मागचा गट उगाच घाई करतो.

सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था गोल्फचे नियम ठरवतात. २०१९च्या नियमांत त्यांनी शिफारस केली, की अडथळा नसेल तर ४० सेकंदांत फटका मारावा. अनेकांना हे जाचक वाटलं. जरा हिशोब करू. नव्वदच्या आसपास खेळणारे चौघं म्हणजे ३६० फटके. प्रत्येकाला ४० सेकंद दिले तर झाले बरोबर चार तास, चालणं वेगळंच! तेव्हा ४० सेकंद ही कमाल मर्यादा आहे, दर वेळी वापरून संपवायची सवलत नव्हे.

वेळ जातो कुठे, ते बघा. एक जण मारतो, बाकीचे तिघं प्रेक्षक. मग दुसरा आपल्या चेंडूपाशी जातो, ग्लोव्ह चढवतो, कॅडीला अंतर विचारतो, सात नंबर काढतो, परत ठेवतो, आठ काढतो, चिमूटभर गवत उडवून वारा पाहतो. हे सगळं पहिला मारत असतानाच उरकता येतं. स्ट्रोक प्लेमध्ये तर सुरक्षित असेल तेव्हा जो तयार असेल त्यानं आधी मारावं, यालाही नियमांचीच मुभा आहे. ध्वज काढायची वाट पाहायला नको, तो भोकात ठेवूनही पट करता येतो.

हरवलेल्या चेंडूचा शोध पूर्वी पाच मिनिटं चालायचा, आता तीन. आपल्याकडे पावसाळ्यात रफ वाढलं, की पांढरा चेंडू पायाखाली आला तरी दिसत नाही. पुढे आगेवाला उभा असेल तर उत्तम. नसेल तर शंका येताच तसं सांगून प्रोव्हिजनल चेंडू मारून ठेवावा. नाहीतर शोध फसल्यावर टीपर्यंत माघारी पायपीट, आणि मागचे कमरेवर हात ठेवून बघत उभे.

शिक्षेचं म्हणाल, तर २०१३च्या मास्टर्समध्ये चीनच्या १४ वर्षांच्या ग्वान तियानलांगला संथ खेळासाठी एका फटक्याचा दंड झाला. तरी पोरगा कट पार करून गेला! संथपणासाठी नावाजलेले बडे खेळाडू मात्र सहसा सुटतात, हे काही मला पटत नाही.

पण सगळा दोष खेळाडूंवर ढकलू नये. पार फोरवर एक गट ग्रीनवर असताना दुसरा टीवरून मारू शकतो. पार थ्रीवर ग्रीन मोकळं होईपर्यंत टीवर ताटकळावं लागतं. तिथे चौघांना दहाएक मिनिटं लागत असतील आणि क्लब दर सात मिनिटांनी गट सोडत असेल, तर सगळे चपळ असूनही रांग लागणारच. ग्रीनवर पोचलेल्यांनी पट करण्याआधी बाजूला होऊन मागच्यांना मारायला सांगितलं, तर कोंडी थोडी सुटते. खरा उपाय म्हणजे दोन गटांमधलं अंतर दहा मिनिटांचं करणं. मग रविवारी सकाळच्या दोन तासांत सतराऐवजी बाराच गट सुटतील, आणि कमिटीच्या बैठकीत पहिला प्रश्न खजिनदाराचा येईल.